फळ एकदा गोठून गेलंय का, हे विजेनं कसं ओळखायचं

गोठवून वितळवलेली स्ट्रॉबेरी ओळखायला मीटर लागत नाही. हातात घेतली की ती लिबलिबीत लागते, खाली लाल पाणी साचतं, विषय संपला. अडचण येते ती इतर फळांत. चिवट सालीची ब्लूबेरी गोठून वितळली तरी वरून बऱ्यापैकी गोल दिसते. शीतगृहाचं तापमान एका रात्री घसरलं, तर कोणत्या पेट्यांतली सफरचंदं खरंच गोठली आणि कोणती नुसती फार गार झाली, हे सकाळी सालीकडे पाहून सांगता येत नाही. बागेत हिम पडल्यावर संत्र्याचंही तसंच, वरून पिवळंधमक आणि आत फोडी कोरड्या पडायला लागलेल्या. अशा ठिकाणी विजेचं मापन उपयोगी पडतं. साधनं फार नाहीत, गणित शाळेतलं आहे. मात्र पद्धत नीट पाळावी लागते, नाहीतर मीटर आकडा देतो आणि त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

या लेखात एकच गोष्ट मनात पक्की करायची आहे: एका आकड्यावर निकाल द्यायचा नाही. एकाच जागी एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) प्रवाहाच्या कमी आणि जास्त अशा दोन वारंवारतांवर विजेचा रोध मोजायचा आणि त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर पाहायचं.

गोठल्यानं नेमकं काय बदलतं

फळाचा गर म्हणजे रसानं भरलेल्या पेशी. रसात पोटॅशियमचे आयन असतात, सेंद्रिय आम्लं असतात; वीज वाहून नेतात ते हे घटक. साखर वीज वाहत नाही, त्यामुळे गोडीशी या मापनाचा थेट संबंध नाही. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असतं, जाडी ५ ते १० नॅनोमीटर. ते आयनांना सहजासहजी बाहेर सोडत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना वाहक द्रव आणि मधे विरोधक थर: हा सरळसरळ कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग झाला. त्याची धारकता (भार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड येते. जैवभौतिकशास्त्रज्ञ ह्यूगो फ्रिक यांनी १९२५ मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींवर हेच मोजलं, ०.८१ मायक्रोफॅरड हा आकडा काढला आणि त्यावरून पटलाची जाडी अवघी काही नॅनोमीटर असणार असा अंदाज बांधला. पटल प्रत्यक्ष डोळ्यांना दाखवणारी साधनं तेव्हा नव्हती. विजेनं सजीव पेशीच्या आत डोकावण्याची ही वाट मला आजही विलक्षण वाटते.

आता मोजताना काय होतं ते बघा. १ किलोहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेवर पटल जवळजवळ बंद असतं. प्रवाहाला पेशींच्या मधल्या अरुंद, ओलसर फटींतून वाट काढावी लागते, म्हणून रोध मोठा येतो. १०० किलोहर्ट्झवर मात्र पटलातून प्रवाह बराच आरपार जातो, पेशींच्या आतला रसही कामाला लागतो आणि रोध खूप कमी दिसतो. ताज्या फळात या दोन आकड्यांत ठळक फरक असतो.

फळ गोठतं तेव्हा बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरतो आणि आतलं पाणी ओढून घेतो. वेगानं गोठवलं तर आतही स्फटिक होतात. दोन्ही प्रकारांत पटलाची चाळणी होते. वितळल्यावर रस फटींत पसरतो, आयन मोकळे फिरतात. सफरचंदाच्या गरात आकारमानाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी हवा असते, त्या पोकळ्यांतही रस भरतो. आता कमी वारंवारतेवरही प्रवाहाला आडकाठी उरत नाही. म्हणून १ किलोहर्ट्झचा आकडा धाडकन खाली येतो, १०० किलोहर्ट्झचा त्या मानानं थोडाच उतरतो आणि दोन्ही जवळजवळ सारखे होतात. गुणोत्तर १ च्या आसपास येतं. सगळी परीक्षा इथेच आहे.

एक शंका नवशिक्यांना हमखास येते: कारखान्यात झटपट गोठवलेल्या फळाचं काय, त्यात स्फटिक बारीक असतात ना? स्फटिक बारीक असले की फळाचा पोत बरा राहतो हे खरं. पण पटल शाबूत राहतं असं समजू नका. डोळ्यांना आणि बोटांना चांगलं वाटणारं फळही मीटरला वेगळं दिसतं, आणि म्हणूनच ही पद्धत कामाची आहे.

काय काय लागेल

मुख्य साधन म्हणजे एलसीआर मीटर, म्हणजे एसी प्रवाह सोडून कॉइल, कपॅसिटर आणि रोधक मोजणारा मीटर. हातात धरायचा छोटा चालेल, पण त्यावर १ किलोहर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झ या दोन्ही वारंवारता हव्यात. इम्पीडन्स (झेड, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा एकूण रोध) आणि फेज कोन (थीटा, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह एकमेकांच्या किती मागेपुढे आहेत) दाखवणारा असेल तर उत्तम. साध्या मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर हे काम होत नाही. तो एकदिश प्रवाह सोडतो, सुयांच्या पृष्ठभागावर आयन साचतात आणि आकडा स्थिरच होत नाही, बघता बघता सरकत राहतो.

एलसीआर मीटर नसेल पण सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप असेल, तर फळाला १ किलोओहमचा रोधक एकसरीत जोडा. रोधकावरचं व्होल्टेज भागिले १,००० म्हणजे प्रवाह. फळावरचं व्होल्टेज भागिले तो प्रवाह म्हणजे इम्पीडन्स. जनरेटरचं व्होल्टेज १ व्होल्टच्या आत ठेवा. प्रोबची भूमी (ग्राउंड) दोन्ही चॅनेलना एकच असते हे विसरू नका. रोधक भूमीच्या बाजूला ठेवून त्यावर एक चॅनेल लावा, दुसरं एकूण व्होल्टेजवर लावा आणि फळावरचं व्होल्टेज दोन चॅनेलच्या वजाबाकीतून घ्या.

सुया स्टेनलेस स्टीलच्या घ्या, जाडी साधारण १ मिलिमीटर. तांबं किंवा जस्ताचा मुलामा असलेला खिळा नको. आम्लात तो विरघळू लागतो. दोन सुया प्लॅस्टिकच्या जाड तुकड्यात १० मिलिमीटर अंतरावर घट्ट बसवा, हलता कामा नयेत. टोकाकडचे १० मिलिमीटर उघडे ठेवून वरच्या भागावर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा. हे महत्त्वाचं का? सुई किती खोल गेली यावर आकडा ठरतो, आणि हातानं प्रत्येक वेळी तेवढीच खोली साधत नाही. नळीच्या कडेपर्यंत टोचलं की खोली आपोआप सारखी राहते. द्राक्ष, ब्लूबेरी अशा लहान फळांना ५ मिलिमीटर अंतराची आणि कमी उघड्या टोकांची वेगळी जोडी करा. एका जोडीचे आकडे दुसऱ्या जोडीच्या आकड्यांशी ताडून बघायचे नाहीत.

शिवाय थर्मामीटर, डिस्टिल्ड वॉटर, पुसायला कागद, आणि वही.

पायरी १: फळाआधी मीटरची परीक्षा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मी तर म्हणेन, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

आधी मीटरचं ओपन आणि शॉर्ट कॅलिब्रेशन करा, तेही सुया आणि वायर जोडूनच: ओपनला सुया हवेत, शॉर्टला दोन्ही सुयांवर धातूची पट्टी आडवी दाबून. मग १ किलोओहमचा रोधक लावा. दोन्ही वारंवारतांवर १,००० च्या जवळच आकडा यायला हवा, म्हणजे गुणोत्तर १. तसं येत नसेल तर वायर लांब आहेत किंवा क्लिपा सैल आहेत. वायर वीतभरापेक्षा लांब ठेवू नका.

त्यानंतर एक नकली फळ बनवा. १ किलोओहमचा रोधक आणि १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर एकसरीत जोडा, आणि या जोडीला समांतर १० किलोओहमचा रोधक लावा. इथे १० किलोओहम म्हणजे पेशींमधल्या फटी, १ किलोओहम म्हणजे पेशीतला रस आणि कपॅसिटर म्हणजे पटल. गणितानं १ किलोहर्ट्झवर सुमारे १० किलोओहम यायला हवेत, १० किलोहर्ट्झवर ८.२ आणि १०० किलोहर्ट्झवर १.७. गुणोत्तर ५.९ च्या आसपास. फेज कोनही बघा: १ किलोहर्ट्झवर जेमतेम उणे ३ ते ४ अंश, १० वर उणे ३१, १०० वर जवळपास उणे ५०.

आता वायरच्या तुकड्यानं तो कपॅसिटर शॉर्ट करा. पटल फुटलं! तिन्ही वारंवारतांवर आता ९०९ ओहम येतील आणि फेज कोन शून्य. फळ गोठल्यावर मीटरवर जे दिसणार आहे ते आधी तीन सुट्या भागांत बघून घेतलं की पुढे आकड्यांची भीती वाटत नाही, आणि मीटर खोटं बोलत असेल तर तेही इथेच कळतं.

पायरी २: तुलनेसाठी स्वतःचे नमुने

कुठल्या तरी तक्त्यातून "ताज्या सफरचंदाचा आकडा" उचलून चालणार नाही. जात, पिकण्याची अवस्था, सुयांचं अंतर, सगळ्यानं तो बदलतो. ज्या फळाची शंका आहे त्याच जातीची, तितपतच पिकलेली आणि नक्की ताजी असलेली फळं मिळवा. त्यांचे दोन भाग करा. एक भाग तसाच ठेवा. दुसरा उणे १८ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवून गरापर्यंत पक्का गोठू द्या आणि मग पिशवीत ठेवूनच वितळवा, म्हणजे रस वाहून जाणार नाही.

फ्रिजरमध्ये थोडाच वेळ ठेवून गोठलं असं धरू नका. साखरेमुळे बहुतेक फळं शून्याखाली १ ते ३ अंशांवर गोठतात, आणि कित्येकदा त्याहूनही काही अंश खाली जाऊन द्रवच राहतात. असं अतिशीतित झालेलं पण बर्फ न धरलेलं फळ मापनात ताजंच दिसेल. तसं ते दिसायलाच हवं, कारण त्याची पटलं शाबूत असतात.

मोजण्याआधी ताजे, गोठवलेले आणि शंकेचे, असे सगळे नमुने एकाच खोलीत काही तास ठेवून एका तापमानाला आणा. गराच्या आतलं तापमान मोजा, सालीवरचं नाही. द्रावणाची वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते. ५ अंशांवरचं फळ आणि २५ अंशांवरचं फळ यांच्या आकड्यांत केवळ तापमानानं मोठा फरक पडेल. गुणोत्तर घेतल्यानं ही चूक बरीचशी कटते, पूर्ण नाही.

पायरी ३: टोचा, थांबा, वाचा

फळाची जागा पुसून कोरडी करा. साल ओली असेल तर प्रवाह वरूनच पळवाट काढतो. सुया सरळ, एका दमात, नळीच्या कडेपर्यंत आत घाला. देठ, बी, कोय, गाभा आणि डागाळलेली जागा टाळा. संत्र्यात दोन्ही सुया एकाच फोडीत जातील असं बघा. मधे पडदा आला तर आकडा वेगळाच येतो.

टोचल्यावर लगेच वाचू नका. सुईनं स्वतःच काही पेशी फोडलेल्या असतात, त्यांचा रस सुईभोवती जमतो. एक मिनिट थांबा, आणि प्रत्येक फळाला तेवढंच थांबा. मग १ किलोहर्ट्झचा झेड आणि थीटा लिहा, हात न हलवता १०० किलोहर्ट्झचा लिहा, पुन्हा १ वर येऊन पहिला आकडा कायम आहे का ते बघा. फार सरकला असेल तर संपर्क बिघडलाय, ते वाचन सोडून द्या. एका फळावर किमान ३ जागा घ्या, एकमेकींपासून दूर. जुन्या भोकात सुई परत घालायची नाही. दोन फळांच्या मधे सुया डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन पुसा. टोचलेलं फळ विकायला किंवा खायला परत ठेवू नये.

वर सांगितलेल्या मापाच्या सुयांना ताज्या सफरचंदात १ किलोहर्ट्झवर काही हजार ते दहाएक हजार ओहम आणि गोठून वितळलेल्यात काहीशे ओहम, अशा पट्ट्यात आकडे अपेक्षित धरा. तुमचे आकडे यापासून दूर असले म्हणून घाबरू नका; दोन गट एकमेकांपासून वेगळे पडतात का, एवढंच बघायचं.

१०० हर्ट्झवर मोजायचा मोह टाळा. "वारंवारता जितकी कमी तितका फरक मोठा" हे ऐकायला पटतं, पण सुयांच्या पृष्ठभागाचीही एक धारकता असते. वरच्या सुयांसाठी १ किलोहर्ट्झवर ती साठएक ओहमची भर घालते, १०० हर्ट्झवर सहाशेची. गोठलेल्या फळाचा स्वतःचा रोधच काहीशे ओहम, म्हणजे तिथे तुम्ही निम्मं फळ आणि निम्मी सुई मोजत असता.

पायरी ४: निकाल लावणं

प्रत्येक जागेचं गुणोत्तर काढा: १ किलोहर्ट्झचा झेड भागिले १०० किलोहर्ट्झचा झेड. फळाच्या ३ गुणोत्तरांपैकी मधलं घ्या. समजा तुमची ताजी फळं २.८ ते ३.६ मध्ये आली आणि गोठवलेली १.०५ ते १.२५ मध्ये. मग शंकेचं फळ १.१ आलं तर ते दुसऱ्या गटातलं, ३ आलं तर पहिल्या. आणि १.९ आलं तर? तर "निकाल लागत नाही" असं लिहा. मधली रेघ ओढून त्याला कुठल्या तरी बाजूला ढकलू नका.

फेज कोन इथे चांगला साक्षीदार ठरतो. ताज्या गरात १ किलोहर्ट्झकडून वर जाताना उणे कोन वाढत जातो, नकली फळात दिसला तसा. गोठून वितळलेल्यात उलट: १ किलोहर्ट्झवर सुयांमुळे थोडा उणे कोन दिसतो आणि वर जाताना तो शून्याकडे विरत जातो. गुणोत्तर आणि कोन दोघांची साक्ष जुळली तर भरवसा वाढतो.

नुकसान किती झालं हेही काढता येतं. त्यासाठी रोधाऐवजी वाहकता, म्हणजे १ भागिले झेड, वापरा: नमुन्याच्या वाहकतेतून ताज्याची वजा करा आणि तिला "पूर्ण गोठवलेल्याची वजा ताज्याची" या फरकानं भागा. उत्तर ० म्हणजे शाबूत, १ म्हणजे सगळी पटलं गेली. उदाहरण घ्या: १ किलोहर्ट्झवर ताजं ८,००० ओहम, पूर्ण गोठवलेलं ६००, आणि नमुना २,०००. नुसता रोध पाहिला तर नमुना गोठलेल्याकडेच झुकलेला वाटतो. हिशेब केला की उत्तर येतं ०.२४, म्हणजे नुकसान जेमतेम पाव. शीतगृहात पंख्याजवळच्या पेट्यांत फळ एका बाजूनंच गोठतं, तिथे हा हिशेब फार उपयोगी पडतो. मात्र यात तापमान तंतोतंत सारखं हवं, कारण इथे गुणोत्तराची सावली नाही.

फसवणारी फळं

मीटर "गोठलं" असं सांगत नाही; "पटलं फुटली आहेत" एवढंच सांगतो. पटलं इतर कारणांनीही फुटतात. आपटलेल्या जागी फुटतात, पण ते नुकसान त्या जागेपुरतं असतं, म्हणून तर ३ दूरदूरच्या जागा घ्यायच्या. शिजवलेलं, वाफवलेलं फळ हुबेहूब गोठलेल्यासारखं दिसतं. अतिपक्व फळात गुणोत्तर हळूहळू उतरत जातं. तुलनेचे नमुने तितकेच पिकलेले हवेत असं वर सांगितलं ते यासाठी. केळी, आंबा अशी उष्ण प्रदेशातली फळं न गोठताही, नुसत्या थंडीनं आतून बिघडतात आणि त्यांची पटलं गळू लागतात. त्यांच्या बाबतीत "गोठलं नाही, पण थंडीत राहिलं" असा तिसरा तुलनागटही करावा लागेल.

गर काढून लगदा केलेला असेल तर परीक्षा करूच नका, पेशी आधीच मोडलेल्या असतात. फळ किती वेळा गोठलं, किती दिवस गोठलेलं होतं, खायला सुरक्षित आहे का, यांपैकी कशाचंही उत्तर या पद्धतीत नाही. पटल एकदाच फुटतं. माशांच्या ताजेपणासाठी ॲबरडीनच्या टॉरी संशोधन केंद्रातून आलेल्या टॉरीमीटरलाही हीच मर्यादा आहे: तो ताज्या माशांसाठी, गोठवून वितळवलेल्या माशाचा ताजेपणा तो सांगू शकत नाही.

एलसीआर मीटर नसेल तर

वाहकता मोजणारा पेन असेल तरी काम भागतं. वनस्पतींनी थंडी किती सोसली हे गळालेल्या आयनांवरून मोजायची ही रीत १९३० च्या दशकापासून चालत आली आहे. गराच्या सारख्या मापाच्या चकत्या करा, १० मिलिमीटर व्यास आणि ५ मिलिमीटर जाडी ठीक. कापताना फुटलेल्या पेशींचा रस जावा म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोनदा चटकन खळबळून घ्या. मग प्रत्येक पेल्यात ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर आणि सारख्याच चकत्या. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ताज्या पेशी फुगून फुटू शकतात, म्हणून त्याऐवजी डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० टक्के पांढरी साखर विरघळवलेलं द्रावण घेतलं तर आणखी बरं; साखर वाहकतेत जवळपास भर घालत नाही. साधं नळाचं पाणी मात्र अजिबात नको, त्यात आधीच क्षार असतात.

सुरुवातीची वाहकता लिहा, ३० मिनिटांनी हलकेच ढवळून पुन्हा लिहा. मग पेले झाकून चकत्यांसकट गोठवा, वितळवा, खोलीच्या तापमानाला आल्यावर तासभर ठेवून शेवटची वाहकता लिहा. तिन्ही आकडे मायक्रोसिमेन्समध्ये (पेनवर दिसणारं वाहकतेचं एकक) आणि एकाच तापमानाला. ३० मिनिटांतली वाढ भागिले शेवटपर्यंतची एकूण वाढ, गुणिले १००, ही झाली गळतीची टक्केवारी. ताज्या चकत्यांची कमी येते आणि आधीच गोठून गेलेल्यांची कितीतरी जास्त, कारण त्यांना रोखून धरायला काही उरलेलंच नसतं. इथेही ताजे आणि मुद्दाम गोठवलेले नमुने शंकेच्या नमुन्याबरोबर, त्याच दिवशी, त्याच पाण्यात लावा.